काजूची बोटं आणि फोनचं कुलूप : प्रकल्प नोंदी

२ मार्च २०२५, रविवार

विषय बदलला. आधी 'स्मार्टफोनच्या बायोमेट्रिक सुरक्षेचा तौलनिक अभ्यास' असं भारदस्त नाव दिलं होतं. मॅडमनी एकच विचारलं होतं, "तुलना कुठे बसून करणार? गूगलवर?" तेव्हा गप्प बसले. आज उत्तर घरी जेवायला आलं.

सुलूमावशीला नातवाचा व्हिडिओ दाखवायचा होता. बाजूच्या बटणावर अंगठा टेकवला, फोन थरथरला. पदराला पुसून पुन्हा टेकवला, पुन्हा थरथर. पाचव्या खेपेला '३० सेकंदांनी प्रयत्न करा' आलं. मावशीने फोन ताटाशेजारी पालथा घातला आणि म्हणाली, "ह्यो फोन माझा बोट ओळखणा नाय. बोटार तरी खय काय रवला?"

मावशी १९ वर्षं काजूच्या कारखान्यात कटिंगला आहे. तिचा अंगठा हातात घेऊन बघितला. काळपट आणि गुळगुळीत, वापरून वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखा.

५ मार्च

मॅडमना सांगितलं. 'बोट की चेहरा' ऐकून त्या फारशा हलल्या नाहीत. 'काजू फोडणाऱ्या बायकांच्या फोनवर' म्हटल्यावर चष्मा काढून ठेवला. त्यांची अट : मोजलेलं 'मोजलं' म्हणायचं, वाचलेलं 'वाचलं' म्हणायचं, दोन्हींची भेसळ करायची नाही. अहवाल जूनअखेर.

वाचलं : कुलूप दोन तऱ्हांनी चुकतं. चोराला आत घेतं, तो चुकीचा होकार. मालकालाच दारात अडवतं, तो चुकीचा नकार. ॲपलने जाहीर केलेले आकडे सगळीकडे फिरतात : अनोळखी बोटाने टच आयडी उघडण्याची शक्यता ५० हजारांत १, अनोळखी चेहऱ्याने फेस आयडी उघडण्याची १० लाखांत १. हे दोन्ही आकडे चोराचे. मालकिणीला किती वेळा अडवलं ते जाहिरातीत येत नाही. गूगलच्या अँड्रॉइड फोन बनवणाऱ्यांसाठीच्या निकषांत चुकीचा नकार १० टक्क्यांच्या आत असावा असं आहे. मावशीचे रविवारी पाचाला पाच नकार होते. म्हणजे हे निकष ज्या बोटांवर पारखले जातात त्यात मावशीचं बोट नसणार.

९ मार्च, रविवार

कारखान्यात गेले. रविवारी अर्धी पाळी असते. सुपरवायझरांनी आधी दारातच थांबवलं, "फोटो काढूचे नाय." फोटो नकोत, बोटं हवीत म्हटल्यावर ते जास्तच संशयाने बघायला लागले. मावशीने मध्ये पडून सोडवलं.

कटिंगचं काम जवळून पाहिलं. वाफवून सुकवलेली बी डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत धरून दोन पात्यांमध्ये ठेवायची, पायाने पेडल दाबायचं, उजव्या हाताने दांडा फिरवला की टरफल दुभंगतं. शेजारची बाई टोचणीने गर अलगद काढते. गर तुटला की पाकळी, आणि पाकळीला भाव नाही, त्यामुळे सगळ्यांचा जीव बोटांच्या टोकांत. टरफलातून तपकिरी चीक निघतो आणि तो कातडी खातो. काजू हा बिब्ब्याच्या आणि आंब्याच्या कुळातला. ज्याला बिब्बा उतला आहे त्याला वेगळं सांगायला नको. बायका हाताला तेल लावतात, वर राख चोळतात. हातमोजे आहेत, खुंटीला टांगलेले. मजुरी किलोवर आहे आणि मोज्यात बी सटकते.

९ जणी तयार झाल्या. फोन सगळ्यांचे स्वस्तातले अँड्रॉइड, ठशाची पट्टी बाजूच्या बटणात. आज फक्त एवढंच विचारलं : फोन कसा उघडता? चौघी पॅटर्न, दोघी पिन, दोघींना कुलूपच नाही, मावशी अंगठा (म्हणजे शेवटी पिनच). कुलूप नसलेल्यांपैकी पार्वतीकाकी म्हणाली, बोट घेत नव्हतं म्हणून नातवाने 'सगळा काढून टाकला'. तिच्या फोनमध्ये बँकेचं ॲप आहे.

इथेच प्रकल्पाचा प्रश्न फिरला. कुठलं कुलूप जास्त पक्कं, हा प्रश्न स्वच्छ हातांच्या माणसांचा. इथे बघायचं ते हे, की कुलपाने मालकिणीला चार दिवस अडवलं की ती कुलपाचं काय करते.

१४ मार्च

शिमगा. कारखाना बंद. आत्तेभावाच्या तोंडाला हिरवा आणि रुपेरी रंग होता, त्याचा फोन चेहऱ्याने उघडेना. आजचं निरीक्षण संपलं.

१६ मार्च

स्टँप पॅड, कोरे कागद आणि सोनाराकडून मागून आणलेलं दहापट भिंग घेऊन मावशीकडे. दहाही बोटांचे ठसे घेतले. शाई धुतली जाईना तेव्हा मावशीने काजूचं तेल लावून पुसली. डोकं आहे.

भिंगाखाली उजवा अंगठा म्हणजे शाईचा डाग. कडेला दोन-तीन रेषा उगवतात आणि मध्ये येऊन विरतात. डाव्या तर्जनीला आडवे चरे, पात्याचे. मग एकेक बोट बाहेरच्या बाजूला सरकत गेले. डावी अनामिका बरी. डावी करंगळी बघून मी मोठ्याने "अगं!" म्हटलं. सगळं शाबूत : मधला फास, डाव्या अंगाला दुभंगणारी रेषा, एक अर्ध्यात संपणारी, सगळं भाताच्या वाफ्यातल्या ओळींसारखं स्वच्छ. १९ वर्षांत त्या करंगळीने बी धरलेलीच नाही. कामाच्या वेळी ती बाजूला ताठ उभी असते, चहाचा कप धरणाऱ्या एखाद्या पाहुणीसारखी.

ठशाची पट्टी काय बघते हे मावशीला सांगताना मलाच नीट समजलं. पट्टीत बारीक विद्युत पेशींची जाळी असते. बोटाचा उंचवटा पट्टीला टेकतो, खाच टेकत नाही; दोन्हींची विद्युतधारकता वेगळी, त्यातून नकाशा बनतो. उंचवटाच उरला नाही तर नकाशा कशाचा काढणार? वर तेलराखेचं लिंपण असलं की खाचा बुजतात आणि उरलंसुरलंही सपाट होतं.

२३ मार्च

मोजलं. मावशीचा फोन, प्रत्येक बोटाचे २० प्रयत्न, काम संपवून हात साबणाने धुतल्यावर. उजवा अंगठा नव्याने नोंदवला तरी ४ वेळा उघडलं. डावी तर्जनी नोंदवायलाच फोन तयार नाही, 'सेन्सर पुसा' असं मावशीलाच सांगत राहिला. डावी करंगळी १८.

मावशीने करंगळी लावून नातवाचा व्हिडिओ उघडला, पूर्ण पाहिला, फोन बंद केला, पुन्हा करंगळीने उघडला. असं सहा वेळा. हे २० प्रयत्नांत धरलेलं नाही.

बाकी आठजणींचे ठसेही घेतले. सात जणींची एक तरी करंगळी चांगली. सोलणीला असलेल्या दोघींचं गणित वेगळं : तिथे चीक फारसा नाही, पण गराची लाल साल नखाने आणि बोटाने खरवडून खरवडून अंगठे कोरडे, भेगाळलेले. भेगाळलेलं बोट एका दिवशी उघडतं, दुसऱ्या दिवशी नाही.

२५ मार्च

मॅडमनी शंका काढली, करंगळी लहान म्हणून कमी सुरक्षित का? चांगली शंका आहे. वाचलं : बाजूची पट्टी मुळात अरुंद, ती कुठल्याच बोटाचा पूर्ण ठसा बघत नाही. नोंदवताना आपण दहा-बारा वेळा बोट टेकवतो तेव्हा फोन तुकडे साठवतो आणि नंतर कुठलाही एक तुकडा जुळला की दार उघडतो. न्यूयॉर्क आणि मिशिगन स्टेट विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं (दुसरा शब्द सुचत नाही) : अर्धवट ठशांवर विसंबलं तर बऱ्याच लोकांच्या तुकड्यांशी जुळणारा एखादा 'मास्टर' ठसा निघू शकतो, आणि जितकी जास्त बोटं नोंदवाल तितकी ही फट रुंद. म्हणून सगळ्यांना सांगायचं : एकच चांगली करंगळी नोंदवा. घरातल्या पाच जणांची पाच बोटं त्यात भरू नका.

२ एप्रिल

आजीने आज प्रकल्पाला नाव दिलं. ती साक्षरता वर्गात सही शिकली तेव्हाची गोष्ट तिने शंभरदा सांगितली आहे : बँकेत पहिल्यांदा सही केली आणि शाईचा पॅड कारकुनाकडे सरकवून दिला. आज मला फोनला अंगठा लावताना बघून म्हणाली, "शिकान सवरान अंगठेबहाद्दर झालंस मां!"

हे अहवालात घ्यायचंच. कारण अंगठ्याची ही गोष्ट आपल्याकडचीच आहे. १८५८ मध्ये बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीच्या करारावर कंत्राटदार राज्यधर कोनाई याच्या आख्ख्या पंजाचा ठसा घेतला. शास्त्र वगैरे नव्हतं. सही नाकारणाऱ्याला ठशाचा धाक बसावा एवढाच हेतू. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांची कचेरी निघाली. ठशांच्या वर्गवारीमागचं गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी रचलं, नाव मात्र साहेबाचं लागलं : हेन्री पद्धत. आणि पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीला दिलं गेलं. ठसा कोर्टातून रेशन दुकानात आला आणि मग २०१३ मध्ये आयफोन ५एसवर बसून एकदम प्रतिष्ठित झाला.

प्रतिष्ठा फार टिकली नाही. फोन बाजारात आला त्याच महिन्यात जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरांच्या गटाने काचेवरच्या ठशाचा फोटो काढून, त्याचा साचा करून, बनावट बोटाने तो उघडून दाखवला.

६ एप्रिल, रविवार

आता चेहरा. नऊपैकी सात फोनवर चेहरा नोंदवला (बाकी दोन फोनमध्ये ती सोयच नाही). सकाळी अंगणात सगळे फोन पटापट उघडले. बायका खूश, "ह्या बरा, हात लावूक नको."

मग कारखान्यात. धुरळा आणि वास म्हणून सगळ्या जणी ओढणी नाकावरून बांधून बसतात. एकही उघडेना. ओढणी खाली केली तर उघडतो, पण तेलकट हाताने ओढणी सोडायची, पुन्हा बांधायची, त्यापेक्षा पिन परवडला.

संध्याकाळी पार्वतीकाकीच्या पडवीत लाईट गेली तेव्हा सगळंच संपलं. स्वस्त फोनमध्ये चेहरा ओळखतो तो पुढचा साधा कॅमेरा, त्याला उजेड लागतो. आयफोन एक्स २०१७ मध्ये आला त्यात न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे ३० हजारांवर ठिपके चेहऱ्यावर टाकून त्याच्या उंचसखलपणाचा नकाशा काढतात, म्हणून अंधारात चालतो आणि फोटोला फसत नाही. या दोन्हींना दुकानदार एकच नाव देतो : फेसलॉक.

८ एप्रिल

फोटोची परीक्षा. बायकांना विचारून, त्यांच्यासमोरच.

पहिला प्रयत्न आधार कार्डावरच्या फोटोचा. एकही फोन उघडला नाही. आधारवरच्या फोटोत माणसाला त्याची आई ओळखत नाही, फोन काय ओळखणार. मग व्हॉट्सॲपचे डीपी माझ्या फोनवर मोठे करून धरले. सातपैकी तीन फोन उघडले. तिसरा उघडला तेव्हा लक्ष्मीकाकूंनी माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि डीपी बदलून गणपती लावला. उपाय चुकीचा, पण वृत्ती बरोबर.

वाचलं : नेदरलँड्समधल्या ग्राहक संघटनेने २०१९ मध्ये ११० फोन तपासले, त्यांतले ४२ मालकाच्या फोटोने उघडले होते. तेव्हा माझे तीन हा काही शोध नाही.

१० एप्रिल

कालची एक गंमत आज उलगडली. लक्ष्मीकाकूंचा फोन चेहऱ्याने उघडतो, पण बँकेचं ॲप चेहरा मागतच नाही, बोट किंवा पिन मागतं. त्या म्हणाल्या, "दारार वळख असा, कपाटार नाय." याहून चांगलं मला समजावता आलं नसतं. अँड्रॉइडमध्ये बायोमेट्रिकच्या तीन पायऱ्या आहेत. वरून मोजलं तर (गूगलचे आकडे उलटे आहेत) पहिल्या, सगळ्यांत पक्क्या पायरीवर बसायला बनावट बोटाला किंवा चेहऱ्याला फसण्याचं प्रमाण ७ टक्क्यांच्या आत हवं. दुसरीला २० टक्क्यांपर्यंत सूट. त्याहून ढिसाळ असेल ती तिसरी, नुसती सोय. तिसऱ्या पायरीवरचं ओळखपत्र फोनचा पडदा उघडतं, बाकी ॲपना त्याचा शब्द चालत नाही. स्वस्त फोनमधला कॅमेऱ्याचा चेहरा साधारण इथेच असतो. गूगलच्या पिक्सेल ८ ने २०२३ मध्ये नुसत्या कॅमेऱ्यावर पहिली पायरी गाठली, पण तो फोन इथे कोणाकडे असणार.

१९ एप्रिल

आजची नोंद करावी की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं. नाव, वय, विभाग काहीच लिहीत नाही.

एकीने मला बाजूला घेऊन सांगितलं की बोटाचं कुलूप काढून दे. करंगळी छान चालत होती तिची. कारण विचारलं तर म्हणाली, "मी निजलंय काय तो माझा बोट लावता नि फोन उघडता." तो म्हणजे नवरा. मजुरीचे पैसे खात्यावर येतात आणि शनिवारी सकाळी कमी असतात. यूपीआयचा पिन त्याला ठाऊक आहे, फोनचं दार तेवढं आड येत होतं.

माझ्या सगळ्या वाचनात चोर म्हणजे परका : काचेवरून ठसा उचलणारा, साचा बनवणारा, प्रयोगशाळेतला. इथे चोर शेजारच्या चटईवर आहे आणि त्याला साच्याची गरज नाही, खरं बोट हाताशी आहे. चेहऱ्याचंही तेच. गूगलचा पिक्सेल ४ २०१९ मध्ये आला तेव्हा मिटलेल्या डोळ्यांवरही उघडत होता, डोळे उघडे असण्याची अट नंतर, २०२० मध्ये घातली.

तिच्यासाठी केलं ते असं. बोट आणि चेहरा दोन्ही काढले. सहा आकडी पिन तिने स्वतः ठरवला, मी पाठ फिरवून उभी होते. यूपीआय पिनही बदलला. मग अँड्रॉइड ९ पासून असलेली एक गोष्ट बाकीच्या आठजणींनाही दाखवली : पॉवर बटण दाबून धरलं की येणाऱ्या यादीत 'लॉकडाउन' नावाचं बटण (काही फोनवर ते आधी सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करावं लागतं). ते दाबलं की पिन घातल्याशिवाय बोट-चेहरा काही चालत नाही. झोपण्याआधी दाबायचं. शब्द ऐकून सगळ्या हसल्या, २०२० आठवलं. लक्षात राहायला बरंच झालं.

प्रकल्पाच्या प्रस्तावात 'धोक्याचे स्वरूप' असं एक प्रकरण होतं, त्यात मी 'हॅकर' हा शब्द अकरा वेळा लिहिला होता. खोडला.

२७ एप्रिल

पिन आणि पॅटर्न. बायोमेट्रिक म्हणजे दाराची कडी. खरं कुलूप खाली पिनचंच. फोन बंद करून सुरू केला, बोट पाच वेळा चुकलं, किंवा पहिल्या पायरीचं बोट असलं तरी पिन घातल्याला ७२ तास उलटले, की फोन पिनच मागतो. तेव्हा पिन बघितल्याशिवाय अहवाल अपुरा.

कोणाचा पिन विचारला नाही. तशी गरजही पडली नाही. काम करून आलेल्या बाईचा फोन खिडकीजवळ तिरका धरला तर काळ्या काचेवर तेलाची वाट दिसते : वरून खाली, मग उजवीकडे वळलेली, वळणावर थोडी दाट. चौघींच्या पॅटर्नपैकी तीन मी असे वाचून दाखवले. एकीचा इंग्रजी एल, एकीचा उलटा सात, एकीचा झेड. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१० मध्ये यावर रीतसर काम झालं आहे, पण त्यांच्याकडे साध्या बोटांचा तेलकटपणा होता. काजूच्या तेलाशी त्याची काय बरोबरी!

चौघींनी पॅटर्न सोडून पिन घेतला. एकीने लगेच १२३४ घातला. बसून पुन्हा बदलला.

११ मे

मावशीचा प्रश्न बरेच दिवस राहून गेला होता : "माझो अंगठो बँकेत जाता काय गो?" नाही. फोनमधला ठसा फोनमध्येच, चिपच्या एका बंदिस्त कप्प्यात राहतो, तोही चित्र म्हणून नाही, आकड्यांच्या रूपात. बँकेच्या ॲपला फक्त 'जुळलं' किंवा 'नाही' एवढंच कळतं. रेशन दुकानात किंवा आधारवर पैसे काढताना मात्र ठसा दूरच्या संगणकाकडे पडताळायला जातो. ते वेगळं खातं.

आणि तिथली भीती अगदीच पोकळ नाही. तेलंगणात २०१८ मध्ये जमीन नोंदणीच्या कागदांवरून ठसे उचलून रबरी अंगठे बनवल्याचं आणि त्यावर सिमकार्डं काढल्याचं उघडकीला आलं होतं. दुधखुळं वाटतं, पण खरेदीखतावर अंगठा उमटवताना तो उद्या किल्ली होईल असं कोणाच्या मनात आलं असेल? एमआधार ॲपवरून आधारचं बायोमेट्रिक बंद ठेवता येतं, हे नऊजणींना दाखवलं. पार्वतीकाकीने नको म्हटलं. रेशनच्या दिवशी उघडायचं विसरले तर तांदूळ कोण देणार.

१८ मे

मॅडमनी कायद्याचं एक पान मागितलं. छोटंच लिहिलं. 'मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींच्या पीठाने १९६१ मध्ये ठरवलं की बोटाचे ठसे देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे. तेव्हा ठसा माणूस ओळखायला होता. आज त्याच ठशाने माणसाच्या आठ वर्षांच्या गप्पा, फोटो आणि हिशेब उघडतात. पिन मात्र डोक्यात असतो. यावर न्यायालयांत वाद सुरूच आहेत.

२६ मे

पाऊस आला. जून उजाडायच्या आत, काल तळकोकणात मान्सून पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. आवाटातल्या चुली, वाळत घातलेली लाकडं, सगळ्यांची तारांबळ, त्यात माझं वेळापत्रक. पण पावसातली मोजणी राहिलीच होती ती उरकली.

ओल्या करंगळीने २० पैकी ५. पाण्याचा थर खाचा भरून टाकतो, पट्टीला सगळं सपाट. म्हापशाहून आलेल्या मामेभावाच्या फोनमध्ये ठसा पडद्याखाली आहे, तो प्रकाशाने चित्र घेतो. त्यावर ओलं बोट थोडं बरं, पण पडद्यावर थेंब असला की तोही गोंधळतो. आवाजाच्या लहरींवर चालणारे महाग फोन ओल्या बोटाला बरे मानले जातात. मात्र सॅमसंगच्या गॅलेक्सी एस१० वर २०१९ मध्ये स्वस्तातलं सिलिकॉनचं कव्हर चढवलं की कोणाच्याही बोटाने तो उघडायला लागला होता, मग कंपनीने सॉफ्टवेअर दुरुस्त केलं. इरल्याखाली चेहरा? उजेड असेल तर चालतो. शेतात असताना नऊजणींपैकी सहाजणी चेहऱ्यालाच पसंती देतात, कारखान्यात एकही नाही.

८ जून

आज जे झालं ते मला पुस्तकात कुठे सापडलं नव्हतं.

पार्वतीकाकी लेकीच्या बाळंतपणासाठी कामावरून सुट्टी घेऊन पाच आठवडे घरी आहे. आज सहज तिचा अंगठा घेतला, शाई लावली, मार्चच्या कागदाशेजारी उमटवला. मार्चचा ठसा म्हणजे काळा ढग. आजच्यात रेषा. बारीक, काही ठिकाणी तुटक, पण मधला भोवरा स्पष्ट आणि डाव्या खालच्या बाजूला कोयतीच्या जुन्या जखमेचा तिरका पट्टा. कातडीच्या वरच्या थराखाली नक्षीचा साचा जिवंत असतो. वरचं झिजतं, जळतं, आणि सवड मिळाली की तीच नक्षी पुन्हा वर येते. अगदी तीच. काकी कागद उजेडात धरून बघत राहिली. "ह्यो माझो?" असं तिने दोनदा विचारलं.

आणि मग फोन. एप्रिलमध्ये तिच्या हट्टाखातर करंगळीबरोबर अंगठाही नोंदवला होता, कसाबसा, तेव्हाच्या गुळगुळीत कातडीवर. आज हा बरा झालेला, रेषांनी भरलेला अंगठा लावला. थरथर. दहा वेळा, थांबून थांबून. फोनच्या लेखी तिचा खरा अंगठा परका. त्याला झिजलेलाच पाठ आहे.

जुनी नोंद पुसून नवी घातली. पुढच्या आठवड्यात ती कामावर जाणार, तेव्हा ही किती दिवस टिकते ते रोज संध्याकाळी मोजायचं. अहवालात बसणार नाही. तरी मोजायचं.

१७ जून

काकी कामावर गेल्याला आज दुसरा दिवस. अंगठा १० पैकी ९.

२१ जून

अंगठा १० पैकी ६. शेंड्याला काळसर कड आली आहे.

२५ जून

१० पैकी २. करंगळी १० पैकी ९. काकीने विचारलं, "मगे आता कितके दिवस मोजतलंस?" मोजणी थांबवली.

२८ जून

अहवाल बांधून दिला. मॅडमनी 'निष्कर्ष' प्रकरणातलं 'फिंगरप्रिंट सरस ठरतो' हे वाक्य काढायला लावलं. मी तरी ते का लिहिलं होतं कोण जाणे, तक्त्याच्या खाली काहीतरी ठाम लिहायची सवय. त्या जागी कोणाला काय लावून दिलं त्याची यादी घातली. पाच करंगळ्या आणि पिन. दोन नुसते पिन. एक चेहरा, ॲपला वेगळं कुलूप लावून. ती बाई आता सोलणीतून पॅकिंगला गेली आहे, ओढणी बांधावी लागत नाही. एकीने सगळं समजून घेऊन कुलूप नको म्हटलं. तिचा फोन दिवसभर घरी सासूकडे असतो आणि सासूला पिन जमत नाही.

संध्याकाळी कारखान्यात पेढे द्यायला गेले. सुपरवायझरांनी या वेळी स्वतःहून आत बोलावलं. टेबलावर थर्माकोलमध्ये एक नवं कोरं यंत्र. मालकांनी हजेरीचं रजिस्टर बंद करून थंब मशीन आणलं आहे, १ तारखेपासून सुरू. जो अंगठा लागणार नाही त्याचा खाडा. "आता तुझ्या प्रोजेक्टाचो उपयोग होतलो," म्हणाले, आणि खोटं नव्हतं.

यंत्र फक्त ठशाचं आहे. चेहऱ्याचं मॉडेल महाग पडत होतं म्हणे. माहितीपुस्तिका वाचली : एका कामगाराची दहापर्यंत बोटं घेतं, शिवाय पासवर्डचीही सोय आहे, ती मालकांनी बंद ठेवायला सांगितली आहे. ती चालू करायला हवी हे सोमवारी मालकांशी बोलायचं, मॅडमना बरोबर घेऊन.

उद्या रविवार. सकाळी सातला नऊजणी आणि त्यांच्या शेजारणी मिळून तीसेक करंगळ्या नोंदवायच्या. यंत्र भिंतीवर खांद्याच्या उंचीला ठोकलंय, तिथे करंगळी सपाट टेकवायची तर मनगट उलटं वळवावं लागतं. मावशीला ते जमलं नाही. सुताराला सांगून ते हातभर खाली घ्यायचं. साबण, कोरडा टॉवेल, भिंग नेणे.